मिठाच्या बरण्या परत आल्या तेव्हा

माझं पुण्यात जे काही बरं झालं, ते नारायण पेठेतल्या काकूंमुळे झालं. हे आधीच सांगून टाकते, कारण मला बोलता बोलता भरकटायची सवय आहे, आणि मग ज्यांचं आधी सांगायचं तेच राहून जातात. त्यांना सगळी बिल्डिंग नुसतं काकूच म्हणायची, म्हणून मीही तेवढंच लिहिते. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या आणि आतल्या खोलीत कॉट बेसिसवर मुली ठेवायच्या. शिकणाऱ्या मुली, नोकरीवाल्या मुली. मी त्या दोन्हींत बसत नव्हते.

मी गोंदियाकडची. नववीत शाळा सुटली, कारण पुढची शाळा नाल्यापलीकडे होती आणि घरात आई अंथरुणाला खिळलेली. ती बरी झाली तोवर माझ्या बरोबरीच्या मुली दहावी होऊन गेल्या होत्या आणि धाकट्यांच्या वर्गात जाऊन बसायची मला लाज वाटली. चुलत बहिणीच्या बाळंतपणासाठी म्हणून पुण्यात आले. तिच्या नवऱ्याची गुजरातेत बदली झाली, ते बाळ घेऊन गेले, आणि मी मागे राहिले. परत गेले असते तर माझ्यासाठी एक स्थळ तयारच होतं. मुलगा चांगला होता म्हणतात. मला बघायचाच नव्हता.

काकूंनी दार अर्धं उघडून विचारलं, "शिक्षण?"

"नववी."

"पास?"

"नववीत बसले होते जी."

"बसायला सगळेच बसतात," असं म्हणून त्यांनी दार पूर्ण उघडलं. "ती भिंतीकडची कॉट. सकाळचं पाणी सातपर्यंत. रडायचं असेल तर संध्याकाळी, सकाळी बाथरूम लागतं सगळ्यांना."

एवढ्यावर माझा प्रवेश झाला.

नोकरीही त्यांनीच शोधली. वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात त्यांनी पेनाने गोल करून माझ्या ताटाशेजारी ठेवली. घरोघरी जाऊन आरोग्याची माहिती गोळा करायची होती. बारावी पास पाहिजे, असं लिहिलं होतं. मी ते बोटाने दाखवलं तर काकू म्हणाल्या, "त्यांना काय पाहिजे ते त्यांनी लिहिलंय. तुला काय पाहिजे ते तू जाऊन सांग." मी जाऊन काय सांगितलं ते मला आठवत नाही, इतकी घाबरले होते. पण ज्या डॉक्टर मॅडम हे संशोधन करत होत्या त्या हसल्या, आणि म्हणाल्या, "हिला लोक घरात घेतील." त्यांनी मला घेतलं, पण बोलीवर. पहिल्या फेरीचं काम नीट झालं तर कायम, नाही तर नमस्कार. मी लगेच मनातल्या मनात ट्रंक भरून दाराशी ठेवली. मला अशी तयारी असली की जरा बरं वाटतं.

संशोधन रक्तदाबाचं होतं. मॅडमनी मला समजेल असं सांगितलं. "आजार झाल्यावर गोळी देणारे पुष्कळ आहेत. तो होऊच नये म्हणून काय करता येईल, ते बघायचंय. त्यासाठी घरात काय चालतं ते कळायला हवं. कोण काय खातं, कोण किती वाजता जेवतं, नळाला पाणी कधी येतं, कुणाची काळजी कोण करतं." शेवटची गोष्ट डॉक्टरच्या कामात कशी काय येते, हे मला कळलं नाही, पण मी मान हलवली. त्या दिवसांत मी सगळ्यालाच मान हलवायचे.

तर मी शहरभर मीठ विचारत फिरायला लागले.

पेठेत एका आजोबांना विचारलं, "भाजीत मीठ किती घालता?"

"चवीपुरतं."

"म्हणजे किती?"

"चव येईपर्यंत. तुमच्या ऑफिसात चव येत नाही का?"

कोथरूडला सोसायटीच्या वॉचमनने आधी माझीच चौकशी केली, मी कुणाची, कुठली, पिशवीत काय. तो प्रश्न विचारण्यात माझ्यापेक्षा तयार होता. वर गेले तर एक बाई म्हणाल्या, "आम्ही मीठ बंदच केलंय हो." ओट्यावर कैरीचं, मिरचीचं आणि लिंबाचं, अशी लोणची ओळीने उभी होती, पापडांचा डबा वेगळा. मी तिकडे नुसतं बघितलं. "ते लोणच्यातलं मीठ," बाई म्हणाल्या, "ते लोणच्याचं."

काकूंना हे सगळं रोज सांगावं लागायचं. त्या पेपर वाचत ऐकायच्या. ऐकत नाहीत असं वाटून मी थांबले की पेपरामागून आवाज यायचा, "मग? लोणच्याचं काय झालं?"

खरं मोठं काम मात्र येरवड्याच्या एका गल्लीत होतं. तिथे नुसतं विचारायचं नव्हतं, मोजायचं होतं. प्रत्येक घरी झाकणाची एक बरणी द्यायची, काठोकाठ मिठाने भरलेली, ऑफिसात वजन करून नंबर चिकटवलेली. महिनाभर घरात त्याच बरणीतलं मीठ वापरायचं. महिन्याने बरणी परत आणायची, उरलेलं वजन करायचं, आणि किती कमी झालं ते घरातल्या माणसांत वाटून बघायचं. युक्ती मॅडमचीच होती आणि ती मला इतकी आवडली की मी ती रस्त्याने मनात म्हणत जायचे.

गल्लीच्या कोपऱ्यावर एक मावशी राहायच्या. कोथरूडच्या घरांत पोळ्या लाटायच्या आणि दुपारी परत यायच्या. त्यांनी मला पहिल्यांदा दारात उभी पाहून विचारलं, "काय विकायलीस?"

"काही नाही मावशी. फुकट मीठ आहे."

"मग तर नक्कीच काहीतरी विकायलीस."

पण त्यांनीच मला गल्लीभर फिरवलं. जेवणाचं विचारलं तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी कधी विसरले नाही. "नवरा जेवतो, पोरं जेवतात, सासू जेवते. भाजी संपली की माझं जेवण सुरू होतं. भाकर, मीठ, मिरची. रोजचं हाय ते." त्यांनी ते तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. मी तसंच उतरवून घेतलं. कोणाची काळजी कोण करतं, हे मॅडमना कशाला हवं होतं, ते मला त्या ओट्यावर बसून कळलं.

बरण्या देताना मी घरोघरी तेच बोलले. हीच बरणी वापरायची, दुसरं मीठ आणायचं नाही, महिन्याने मी येईन आणि बरणी घेऊन जाईन. बायकांनी शेवटचं वाक्य सगळ्यात लक्ष देऊन ऐकलं.

"परत द्यायची म्हणजे उसनीच की," मावशी म्हणाल्या.

"तसंच समजा," मी म्हणाले. मला घाई होती.

महिन्याने गेले तेव्हा गल्लीने मला असं काही वागवलं की मी आजही कुणाला सांगायला लागले तर माझा आवाज बदलतो. बरण्या घासूनपुसून तयार ठेवलेल्या. नंबरची चिठ्ठी भिजू नये म्हणून कुणी वरून प्लॅस्टिक बांधलेलं. एका घरी झाकणाला हळदीकुंकवाचं बोटही लावलेलं होतं. मला वाटलं, बघा, आपण लोकांशी नीट वागलो तर लोक आपली वस्तू किती जपतात. पिशव्या उचलताना खांदा निघून येतो की काय असं झालं, पण मी ते दिवसभराच्या दगदगीवर ढकललं.

ऑफिसात एक सर होते. समाजकार्याची मोठी पदवी घेतलेले, आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम त्यांच्याकडे. त्यांनी पहिली बरणी काट्यावर ठेवली. जेवढी दिली होती तेवढीच. दुसरी ठेवली. दिली होती त्याहून जड.

"हे कुटुंब मीठ खात नाही," सर म्हणाले. "तयार करतं."

मी हसले. पुढच्याही तशाच निघाल्या. मग सर गमती करायचे थांबले आणि मी हसायची थांबले. सगळ्या बरण्या झाल्यावर ते मॅडमकडे बघून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "या घरोघरी गेल्या होत्या असं वाटत नाही."

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "गेली होतीस ना? नीट आठव. सोमवारी बोलू. हे काम तुझ्याकडे ठेवायचं की दुसरं कुणी बघायचं, ते तेव्हा ठरवू."

मला तिथेच सगळं कळलं होतं. उसनी आलेली वस्तू, दुसऱ्याचं भांडं, ते रिकामं कोण परत करतं? आमच्या गावी शेजारणीने वाटीभर कढी दिली तर त्या वाटीतून दोन वांगी परत जातात. काही नसलं घरात तर चिमूटभर साखर. येरवड्याच्या बायकांनी त्यांच्या पैशाचं मीठ दुकानातून आणून बरण्या दाबून काठोकाठ भरल्या होत्या, आणि मला ते इतकं बरोबर वाटलं होतं की त्यात संशोधन बुडालं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी झाकण उघडून बघितलंसुद्धा नव्हतं. भरलेली बरणी म्हणजे चांगली बरणी, एवढंच.

हे मॅडमना सांगायचं सोडून मी मान हलवली आणि घरी आले.

काकूंनी चपला काढतानाच ओळखलं. "संध्याकाळ आहे," त्या म्हणाल्या. "रडून घे. मग सांग."

मी रडून घेतलं आणि सांगितलं. त्यांनी पेपर घडी घालून ठेवला, जे त्या कधी करत नसत.

"मग हे त्यांना तिथेच का नाही बोललीस?"

"त्यांना वाटेल, मी अडाणी आहे. मोजायचं कशाला, तेच हिला कळलं नाही, असं वाटेल."

"आत्ता त्यांना वाटतंय तू खोटारडी आहेस. दोन्हींतलं कुठलं बरं?"

मी विचार करायला लागले.

"विचार काय करतेस," काकू म्हणाल्या. "खाली जा, नारळ घेऊन ये. चांगला वाजवून बघ. मागच्या वेळी कुजका आणला होतास."

त्या रात्री त्यांनी नारळाच्या वड्या केल्या आणि सकाळी त्यांचा स्टीलचा कडीचा डबा भरला. मग इस्त्रीची साडी नेसून माझ्याबरोबर निघाल्या. काकू मंडईपलीकडे सहसा जात नसत. बस बदलून कोथरूडच्या आमच्या ऑफिसला येताना त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "इथे शेतं होती," आणि जणू ती माझ्यामुळेच गेली अशा नजरेने माझ्याकडे बघितलं.

ऑफिसात त्यांनी मॅडमना डबा दिला. "मी हिची काकू. ही कुठे काम करते ते बघायला आले. वड्या आहेत, घरी न्या. डबा सोमवारी घेऊन जाईन."

"अहो, कशाला त्रास. हिच्याबरोबर पाठवून देते की."

"नको. डबा चांगला आहे," काकू म्हणाल्या. म्हणजे माझ्यावर विश्वास नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता, आणि सर खाली बघून हसले.

परतताना मी विचारलं, "काकू, तुम्ही बरण्यांचं काही बोलला नाहीत."

"मी कशाला बोलू. सोमवारी डबा कसा येतो ते बघायचं. भरून आला तर पुढचं बोलणं सोपं आहे."

"आणि रिकामा आला तर?"

"तर वड्या वाया गेल्या," काकू म्हणाल्या.

रविवार मी कसा काढला, विचारू नका. कॉटवर पडून मी मॅडमच्या स्वयंपाकघराचा विचार करत होते. डॉक्टर आहेत, घाईत असतात, घरात बाई असेल, ती डबा घासून पालथा घालेल. शिकलेल्या घरात असलं कुणी पाळतं की नाही, कोण जाणे. गावी पत्र कसं लिहायचं, त्याचं पहिलं वाक्यही मी ठरवून टाकलं.

सोमवारी काकू आल्या. मॅडमनी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. चकचकीत. ठेवताना जो आवाज झाला त्यावरूनच कळलं, आत काही नव्हतं. मी काकूंकडे बघितलं, तर त्या भिंतीवरच्या पुण्याच्या नकाशात नारायण पेठ शोधत होत्या.

"वड्या छानच होत्या हो," मॅडम म्हणाल्या. डबा त्यांनी काकूंच्या दिशेने सरकवला आणि मध्येच थांबल्या. झाकण उघडून आत बघितलं. "अगबाई, रिकामाच उचलला की मी. थांबा हं." त्या उठल्या, कोपऱ्यातल्या चहाच्या टेबलापाशी गेल्या, आणि तिथल्या बरणीतली दोन चमचे साखर डब्यात घातली. झाकण लावलं. "आता घ्या."

काकूंनी डबा घेतला नाही. "साखर कशाला?"

"अहो, रिकामा कसा द्यायचा डबा?"

"का? काय होतं?"

"होत काही नाही. पण कुणी देत नाही ना असा."

"येरवड्यातसुद्धा नाही," काकू म्हणाल्या.

मॅडम काकूंकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे, मग कपाटावर ओळीने ठेवलेल्या बरण्यांकडे. मग त्या खुर्चीत बसल्या आणि इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. मला काय करावं ते कळेना, म्हणून मी मान हलवली.

"तू त्या दिवशी बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं.

आता बोलायलाच हवं होतं. "मला ते चूक वाटलंच नव्हतं मॅडम," मी म्हणाले. "मला वाटलं, किती चांगल्या बायका आहेत."

"आहेतच," मॅडम म्हणाल्या. "आणि मी महिनाभर बसून आखलेल्या योजनेत, बरणी परत मागितली की ती भरूनच येणार, हे मला सुचलं नाही. मला सुचायला हवं होतं, मी काय बाहेरून आले का?" मग त्या सरांकडे वळल्या. सर म्हणाले, "हे एका घरावरून सिद्ध होत नाही," पण त्यांचा आवाज मऊ झाला होता.

"बरोबर," काकू म्हणाल्या, आणि पिशवीतून दुसरा डबा काढून सरांपुढे ठेवला. त्यातही वड्या होत्या. "तुमच्या आईंना द्या. घाई नाही."

तो डबा दोन दिवसांनी आला. वरपर्यंत लिंबाचं लोणचं. "आईने दिलंय," सर मला म्हणाले. "यात मीठ किती आहे, ते कृपया विचारू नका."

पुढच्या फेरीला आम्ही बरण्या परत मागितल्या नाहीत. काटाच गल्लीत नेला आणि बरणी त्यांच्याच ओट्यावर मोजली. बरणी कायमची त्यांची, हे ऐकल्यावर मावशी म्हणाल्या, "मग तुझी पिशवी उघड, रिकामी नको जायला," आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुडी आत टाकली. बाकीच्या घरांनीही तेच केलं. तेव्हापासून मी फिरतीवर असले की काकू विचारायच्या, "आज गल्लीत काय मिळालं?" आणि ताटात वाढायची जागा ठेवायच्या. मावशींचं ते भाजी संपल्यानंतरचं जेवण मॅडमनी वेगळं लिहून घ्यायला सांगितलं, कारण बरणी घराचं मीठ सांगते, पण घरातल्या कुणाच्या वाट्याला किती, ते सांगत नाही. मग प्रत्येक घरी आम्ही एक प्रश्न वाढवला, शेवटी कोण जेवतं. उत्तर द्यायला कुणालाच वेळ लागला नाही.

आणि मला कायम केलं.

पण ते पुढचं. त्या सोमवारी काकू आणि मी बसने परत येत होतो. मी आभार मानायला सुरुवात केली, तर त्या म्हणाल्या, "आभार मानायचे असतील तर सकाळी नळ घट्ट बंद करत जा." पूल ओलांडल्यावर एकदम म्हणाल्या, "तुमच्याकडे खरंच तलाव आहेत एवढे?"

"गावागावाला आहे काकू. तुम्हाला कसं माहीत?"

"मी टेलिफोनमध्ये होते. ट्रंक कॉल जोडायचे. गोंदिया पुष्कळदा जोडलंय. तिकडची एक ऑपरेटर होती, लाइन मोकळी असली की बोलायची, तलावावर पक्षी आलेत म्हणून. रिटायर झाले, तिचं पुढे काही कळलं नाही." त्यांनी तिकीट पर्समध्ये नीट ठेवलं. "मी दौंडच्या पुढे गेलेली नाही."

आता काकूंचे गुडघे दुखतात, त्या प्रवासाचं नाव काढू देत नाहीत, आणि मी विषय काढला की पेपर वर करतात. तरी एका थंडीत मी त्यांना गोंदियाच्या गाडीत बसवणार आहे. शाल, औषधं, घरची चकली, सगळं मी घेईन. आमच्या तलावाच्या काठी खुर्ची टाकून त्यांना बसवेन आणि पक्षी दाखवेन. त्या म्हणतील, पाणी गढूळ आहे. म्हणू देत. पण मी त्यांना नेणार.